न खाजणारें, न दुखणारें

‘वेदना’ हा शब्द आपण नेहमीं दुःखाच्या अर्थानें वापरतों. परंतु त्याच्या मुळाशीं ‘विद्’ म्हणजे जाणणें हा धातु आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ज्या धातूपासून ‘वेद’ निघाला त्याच धातूपासून ‘वेदना’ही निघाली. पायांत कांटा मोडला असतां जें होतें त्याला आपल्या पूर्वजांनीं ‘जाणीव’ असें नांव द्यावें, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. आजचे शरीरशास्त्रज्ञ तरी याहून निराळें काय सांगतात? दुखणें ही प्रथम एक बातमी आहे. त्रास ही मागाहूनची गोष्ट.

खाजेचें कुळही असेंच जुनें आहे. संस्कृतांत तिला ‘कण्डू’ म्हणतात, ‘खर्जू’ असेंही म्हणतात, आणि या दुसऱ्या शब्दापासूनच आपल्या ‘खाज’ व ‘खरूज’ या दोघी आल्या. पाणिनीनें तर एका संपूर्ण गणाला ‘कण्ड्वादि’, म्हणजे कण्डू ज्याच्या आरंभीं आहे तो, असें नांव दिलें आहे. मी व्याकरण शिकत असतां हा गण आला कीं आम्ही विद्यार्थी एकमेकांकडे पाहून हटकून मान खाजवीत असूं. खाज ही पाहून आणि ऐकूनही सुटते, याचा तो माझा पहिला अनुभव. वाचकांपैकीं कोणाचा हात एव्हांना मानेकडे गेला असेल तर त्यांनीं संकोच मानूं नये.

इतकें मोठें कुळ असूनही खाज आपल्या घरांत नेहमीं हलकीच गणली गेली. मनुष्य कण्हूं लागला तर चार माणसें जवळ येतात. तोच मनुष्य रात्रभर पिंढऱ्या खाजवीत बसला तर “झोपा आतां” एवढेंच त्याला ऐकावें लागतें. शास्त्रानेंही पुष्कळ काळ हाच न्याय लावला होता. खाज म्हणजे सौम्य झालेली वेदना, तिचें स्वतंत्र असें कांहीं नाहीं, हें मत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बऱ्याच विद्वानांचें होतें. तें मत कसें ढळलें, आणि या दोघींपैकीं एकही जेथें पोंचत नाहीं तेथें माणसाची काय गत होते, हें सांगण्यासाठीं आज लेखणी हातीं घेतली आहे.

प्रथम मार्ग पाहूं. अंधारांत उंबरठ्याची ठेंच लागली म्हणजे काय होतें तें वाचकांनीं आठवून पाहावें. आरंभीं नुसतें ‘लागलें’ एवढें कळतें. त्याच्या पाठोपाठ एक तीक्ष्ण कळ येते. आणि आपण पाय धरून खालीं बसतों न बसतों तोंच तिसरी, रेंगाळणारी, जळजळणारी वेदना येऊन पोंचते. आघात एक, पण निरोप तीन, आणि तिन्ही निरनिराळ्या वाटांनीं आलेले. त्वचेंत ज्ञानतंतूंचीं सूक्ष्म टोकें पसरलेलीं असतात. प्रत्येक तंतु म्हणजे एका पेशीचाच लांबविलेला हात असून त्या पेशीचें मुख्य अंग पाठीच्या कण्याशेजारच्या एका लहानशा गांठींत असतें. पायाच्या अंगठ्यापासून कण्यापर्यंत सुमारें एक मीटर लांबीची ही एकच पेशी, हें ऐकून मी प्रथम थक्क झालों होतों. स्पर्शाचे तंतु जाड असतात व त्यांवर स्निग्ध द्रव्याचें वेष्टन असतें; त्यांतून निरोप एका सेकंदास तीस ते सत्तर मीटर जातो. तीक्ष्ण कळ आणणारे तंतु बारीक, त्यांचें वेष्टनही पातळ. त्यांचा वेग पांचपासून तीस मीटरपर्यंत. जळजळ आणणारे तंतु सर्वांत बारीक व उघडे. त्यांचा वेग सेकंदास अर्धा ते दोन मीटर, म्हणजे आपण जेवणानंतर शतपावली घालतों तेवढाच. ती तिसरी वेदना जवळजवळ सेकंदभर उशिरां कां पोंचते, हें त्रैराशिक आतां चौथींतल्या मुलालाही सोडवितां येईल.

तारेंतून वीज वाहते तसा हा निरोप वाहत नाहीं. तंतूच्या पातळ आवरणाला असंख्य लहान द्वारें असतात. टोंचणें, भाजणें, चेंगरणें असें कांहीं घडलें कीं टोकाजवळचीं द्वारें उघडतात, बाहेरचे सोडियमचे विद्युद्भारित कण आंत शिरतात, त्यामुळें शेजारचीं द्वारें उघडतात, आणि अशी ही लाट पुढें पुढें सरकत जाते. वाळल्या गवताच्या रांगेनें एका टोकास पेट घ्यावा व आग दुसऱ्या टोकास जावी, तसेंच हें. फरक इतकाच कीं हें गवत क्षणार्धांत पुन्हां उभें राहून दुसऱ्या निरोपास सज्ज होतें. विंचवाचें विष हीं सोडियमचीं द्वारें नीट मिटूं देत नाहीं. म्हणून घाव सुईच्या अग्राएवढा असूनही आमच्या वऱ्हाडांतला शेतकरी रात्रभर तळमळतो.

मिरचीची गोष्ट याहून गमतीची आहे. मिरच्या कांडल्यावर हाताची आग होते असें आपल्या घरांतील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्या. हात तर कोठेंच भाजलेला नसतो. मग आग कशाची? अमेरिकेंतील डेव्हिड जूलियस यांच्या प्रयोगशाळेनें १९९७ सालीं दाखविलें कीं, मिरचींतील तिखट द्रव्य तंतूच्या टोकावरील ज्या द्वाराला उघडतें, तेंच द्वार सुमारें ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेंही उघडतें. एकदां द्वार उघडलें कीं मेंदूला बातमी एकच मिळते, ‘भाजलें’. या शोधाबद्दल जूलियस यांना २०२१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. स्पर्शाचें द्वार शोधणारे आर्डेम पॅटापूटियन हे त्यांचे वांटेकरी होते. जातां जातां एक सांगतों: आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत ज्याला ‘मरिच’ म्हटलें आहे ती मिरी होय, मिरची पोर्तुगीजांच्या मागून आली, आणि येऊन चार शतकांत अशी कांहीं घरची झाली कीं तिच्यावांचूनचा वऱ्हाडी माणूस कल्पनेंतही आणवत नाहीं.

निरोप कण्यांतील मज्जारज्जूंत पोंचला कीं तेथें दोन कामें होतात. एक तेथल्या तेथेंच: मेंदूची परवानगी न विचारतां स्नायूंना हुकूम सुटतो व तापल्या तव्यावरून हात मागें येतो. दुसरें काम म्हणजे बातमी वर पाठविणें. तेथील दुसरी पेशी ती उचलते, मधली रेषा ओलांडून विरुद्ध बाजूस जाते आणि वर मेंदूकडे चढते. म्हणून उजव्या पायांतला कांटा डाव्या मेंदूस कळतो. मेंदूंत वेदनेची अशी एकच कचेरी नाहीं. कोठें लागलें हें एक भाग ठरवितो, तें किती वाईट हें दुसरा, आणि त्यांत भीति, आठवण, लोकांची गर्दी हीं सर्व मिसळतात. खेळांत रमलेल्या मुलाच्या गुडघ्यांतून रक्त वाहतें व त्याला पत्ता नसतो; आई दिसली कीं तें रडूं लागतें. तें ढोंग करीत नसतें. मेंदूनें तोंवर ती बातमी वाचलेलीच नसते.

बातमीला वाटेंत अडवितांही येतें. मार लागलेली जागा आपण चोळतों, ती उगीच नव्हे. १९६५ सालीं रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल या दोघांनीं असें मांडलें कीं, मज्जारज्जूंत एक प्रकारचें फाटक असून स्पर्शाच्या जाड तंतूंनीं आणलेले निरोप तें फाटक वेदनेपुरतें बरेंचसें लोटून घेतात. तपशीलांत पुढें पुष्कळ फेरफार झाले, पण मूळ मुद्दा टिकला. वर मेंदूकडूनही या फाटकावर हुकूम येत असतात.

आतां खाज. वेदना आणि खाज यांतील अंतर ओळखण्यास प्रयोगशाळेची गरज नव्हती, असें मला वाटतें. आपला हातच तें दाखवून देतो. वेदना हात मागें ओढविते, खाज हात जवळ बोलाविते. एक म्हणते, ‘येथून नीघ’. दुसरी म्हणते, ‘अंगावर कांहीं बसलें आहे, तें काढ’. पोट दुखतें, दांत दुखतो, हाड दुखतें. पण पोट किंवा हाड कधीं खाजत नाहीं, कारण तेथें डांस, पिसू वा कुसळ बसण्याची भीतीच नाहीं. खाज ही त्वचेची आणि डोळ्यासारख्या बाहेर उघडणाऱ्या भागांची चौकीदारीण आहे. शिवाय अफूपासून काढलेलें मॉर्फिन वेदना शमवितें, पण पुष्कळांना त्यानेंच अंगभर खाज सुटते. खाज जर लहानशी वेदना असती तर मोठीबरोबर तीही जावयास हवी होती!

प्रत्यक्ष पुरावा १९९७ सालीं मिळाला. जर्मनींतील एर्लांगेन येथें मार्टिन श्मेल्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं माणसाच्या पायांतील एकेका तंतूची नोंद घेतली आणि त्यांना असे उघडे तंतु सांपडले कीं, जे दाबल्यानें वा टोंचल्यानें जागे होत नाहींत, पण हिस्टामिन नांवाचें द्रव्य त्वचेंत सोडलें कीं जागे होतात, आणि खाज जितका वेळ टिकते तितका वेळ जागे राहतात. हे तंतु फारच मंद, सेकंदाला अर्धा मीटर, आणि एकेकाचें राज्य मात्र विस्तीर्ण. पुढें २००७ सालीं उंदरांच्या मज्जारज्जूंत खाजेचा निरोप घेणाऱ्या निराळ्या पेशी दाखविण्यांत आल्या. त्यांतील एक ग्राहक काढून टाकला तर उंदीर पुष्कळच कमी खाजवीत, वेदनेला मात्र पूर्वींसारखेच दाद देत. खाजविल्यानें बरें कां वाटतें याचाही उलगडा येथेंच होतो. नखांनीं आपण स्वतःला बारीकशी इजा करतों. त्या इजेची वेदना मज्जारज्जूंतील मध्यस्थ पेशींकरवीं खाजेचें तोंड बंद करते. पण नखांनीं त्वचा दुखावते, दुखावलेली त्वचा अधिक खाजते, आणि मग हें रहाटगाडगें थांबत नाहीं.

या शोधांत आमच्याकडच्या एका वेलीचाही वांटा आहे, हें सांगावयास मला विशेष आनंद वाटतो. खाजकुइली कोणास ठाऊक नाहीं? मानोऱ्याच्या आसपास झुडपांवर तिचे वेल चढतात, आणि थंडींत शेंगा पिकल्या कीं त्यांवरची ती सोनेरी मखमल पाहून परगांवचा पाहुणा हटकून हात लावतो. संस्कृतांत तिला ‘कपिकच्छू’ म्हणतात, कारण तिच्यापुढें वानरही हात टेकतो. दुसरें नांव ‘आत्मगुप्ता’, स्वतःचें रक्षण आपण करणारी. शाळेंत कोणा खोडकर मुलानें ही कुसें दुसऱ्याच्या सदऱ्यांत टाकलीं कीं त्या दिवशींचा गणिताचा तास बुडालाच. मग शेणाचा लेप द्यावयाचा आणि तो वाळला कीं कुसांसकट खरडून काढावयाचा. हींच कुसें पाश्चात्य शास्त्रज्ञ फार दिवसांपासून खाजेच्या प्रयोगांसाठीं वापरीत आले आहेत. १९५५ सालीं शेली व आर्थर या दोघांनीं दाखविलें कीं त्यांतील प्रथिन तोडणारें एक द्रव्य खाज आणतें. २००८ सालीं तें द्रव्य तंतूंवरील कोणत्या ग्राहकांना चेतवितें हेंही कळलें. महत्त्वाची गोष्ट ही कीं, या खाजेंत हिस्टामिनचा हात नाहीं, आणि तिचे तंतुही श्मेल्झ यांच्या तंतूंहून वेगळे आहेत. म्हणजे खाजेच्याही वाटा एकाहून अधिक. (आणि याच वेलीच्या बियांत कंपवातावर चालणारें लेव्होडोपा सांपडतें! केसांनीं छळावें व बीजांनीं तारावें, असा हा वेल.)

याचा घरगुती उपयोग असा. डांस चावला किंवा अंगावर पित्त उठलें तर ती हिस्टामिनची खाज. तिला नेहमींची पित्ताची गोळी लागू पडते. पण म्हातारपणीं त्वचा कोरडी होऊन जी खाज सुटते, मूत्रपिंडें थकल्यावर किंवा यकृतांत पित्त तुंबल्यावर पुरळ नसतांही जी अंगभर उठते, ती बहुधा त्या गोळीला जुमानीत नाहीं. कोरड्या त्वचेस तेल, कडकडीत पाण्याऐवजीं कोमट पाणी, आणि साबणाचा हात आंखडता एवढ्यानें माझें काम भागतें. दुसऱ्या प्रकारची खाज मात्र आंतल्या अवयवांची तक्रार असते, आणि घरांतल्या वडील माणसानें ती सांगितली तर “वयाचें आहे” म्हणून ती वाटेला लावूं नये. रक्ताची तपासणी करवावी.

खाजेची एवढी वकिली केल्यावर आतां तिच्या अभावाकडे वळतों. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर कुष्ठरोगाविषयीं सूचना लिहिलेली पुष्कळांनीं पाहिली असेल: अंगावर फिकट किंवा लालसर, न खाजणारा, न दुखणारा चट्टा असेल तर दाखवा. ही सूचना किती विचारानें लिहिलेली आहे! गजकर्णाचा चट्टा खाजतो, म्हणून त्याचा धनी आठ दिवसांत औषध शोधूं लागतो. कुष्ठाचा चट्टा मुका असतो. तो कोणाची झोपमोड करीत नाहीं, कामाच्या आड येत नाहीं, आणि म्हणून वर्षानुवर्षें सदऱ्याखालीं झांकलेला राहतो. चरक-सुश्रुतांच्या काळीं ‘कुष्ठ’ या नांवाखालीं त्वचेचे अनेक विकार येत. पण त्याच्या पूर्वलक्षणांत स्पर्श न कळणें हेंही त्यांनीं आवर्जून सांगितलें आहे. नॉर्वेंतील हॅन्सेन यांनीं या रोगाचा जंतु १८७३ सालीं ओळखला. हा जंतु ज्ञानतंतूंभोवतींचें वेष्टन करणाऱ्या पेशींतच बिऱ्हाड करतो, आणि शरीराचे थंड भाग त्याला विशेष मानवतात. म्हणून कोपर, गुडघा, घोटा, चेहरा येथें त्वचेच्या जवळून जाणारे तंतु तो गांठतो.

बोटें झडणें हाच या रोगाचा धर्म, असें सर्व जग मानीत होतें. ही समजूत ज्यांनीं मोडली त्यांत पॉल ब्रँड या शस्त्रवैद्यांचें नांव मोठें आहे. १९४६ सालीं ते वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत आले. तेथें त्यांना दिसलें कीं, रोग्यांच्या हातांवरच्या जखमा इतरांप्रमाणेंच भरतात. मांस कांहीं आपोआप सडत नाहीं. मग बोटें जातात कशानें? एकदां एक गंजलेलें कुलूप त्यांना स्वतःला उघडेना, तें एका मुलानें किल्ली पिरगाळून चटकन उघडलें. पाहतात तों किल्लीनें मुलाचें बोट हाडापर्यंत कापलेलें, आणि मुलाला त्याची वार्ता नाहीं. चुलीवरचें भांडें, खिळा, घट्ट जोडा, रात्रीं कुरतडणारा उंदीर, यांपैकीं ज्याच्यामुळें आपण ओरडलों असतों, त्याच्यामुळें ते ओरडत नव्हते. जखम होई, ती चिघळे, हाड झिजे, आणि बोट आंखूड होई. पुढें अमेरिकेंत ब्रँड यांनीं हातमोज्यांत यंत्र बसवून धोक्याची सूचना देण्याचा प्रयत्न केला. तो फसला. सूचना मिळे, पण ती दुखत नसे. म्हणून हातांतलें काम पुरें करावयाचें असलें म्हणजे रोगी यंत्रच बंद करून ठेवीत. वेदनेला जो दरारा आहे तो ती टाळतां येत नाहीं म्हणूनच आहे, हें मला त्यांच्या अपयशानें जितकें पटलें तितकें कोणत्याही तत्त्वज्ञानानें पटलें नव्हतें.

विदर्भाचा या रोगाशीं संबंध जुना आणि कांहीं अंशीं गौरवाचाही आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ सालीं कुष्ठधाम काढलें. अमरावतीचें तपोवन डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनीं उभारलें. वरोऱ्यास बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापिली. परंतु आपल्यासारख्या घरांत विशेषेंकरून आठवण राहावी ती परचुरेशास्त्र्यांची. संस्कृताचे हे पंडित या रोगानें ग्रासले जाऊन १९३९ सालीं सेवाग्रामला आले, आणि गांधीजी स्वतःच्या हातांनीं त्यांच्या अंगाला मालिश करीत. पुढें शास्त्रीबुवा दत्तपुरास राहिले व १९४५ सालीं तेथेंच वारले. त्या काळीं या रोगावर खात्रीचें औषध नव्हतें. १९८१-८२ पासून दोनतीन औषधें एकत्र देण्याची पद्धति आली, आणि रोग बरा होऊं लागला. हिंदुस्थानांत आजही दरवर्षीं एक लाखाच्या आसपास नवे रोगी आढळतात. जंतु मरतो, पण मेलेला तंतु बहुधा परत येत नाहीं. म्हणून चट्टा मुका असतांनाच ओळखण्यावर सर्व भिस्त.

हा विषय दूरच्यांचा आहे असें मात्र कोणी समजूं नये. मधुमेहानेंही पावलांचे बारीक तंतु मरतात, आणि तो रोग आपल्या घरांत चांगला रुळलेला आहे. मधुमेहाचा गृहस्थ वैशाखांत देवळाच्या तापल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालतो व घरीं येऊन पाहतो तों तळव्यास फोड. शेकण्याची पिशवी पायाशीं घेऊन निजतो व सकाळीं कातडें सुटलेलें असतें. रामनवमीस आमच्या तालुक्यांतील पोहरादेवीच्या यात्रेला चैत्राच्या उन्हांत लोक चालत जातात, त्यांतही असे पाय असतील. डॉक्टर नायलॉनचा एक बारीक धागा तळव्यावर टेकवून पाहतात. तो कळत नसेल तर त्या दिवसापासून अनवाणी चालणें बंद. सोवळ्यांत लांकडी खडावा चालतात, तर मऊ पादत्राण कां चालूं नये, हें मला तरी उमगलेलें नाहीं.

बधिर बोट मीं स्वतः प्रथम पाहिलें तें मात्र एका मुलाचें. १९९६ च्या हिंवाळ्यांत मी मानोऱ्याजवळच्या एका खेड्यांत शिकवीत होतों. सकाळची शाळा असे, आणि प्रार्थनेपूर्वीं मुलें पटांगणाच्या कडेस पऱ्हाट्यांची शेकोटी पेटवीत. एके दिवशीं तेथें मोठा गलका ऐकूं आला. बारा वर्षांचा एक मुलगा जळता निखारा दोन बोटांत धरून उभा होता, आणि बाकीचीं मुलें एक, दोन, तीन असे आंकडे मोजीत होतीं. त्याच्या मुद्रेवर विजयाचें हंसूं होतें. मीं निखारा झटकला. करंगळीवर फोड येत होती आणि तो तिच्याकडे दुसऱ्याचें बोट पाहावें तसा पाहत होता.

त्याच्या हाताच्या मागल्या बाजूस रुपयाएवढा फिकट चट्टा होता. “हा खाजतो का रे?” म्हणून विचारलें, तर “नाहीं, गुरुजी” म्हणाला. त्याच्या घरीं तो उन्हाचा डाग मानला गेला होता. सरकारी कुष्ठसेवकानें शाळेंत एकदां करून दाखविलेली परीक्षा मला ठाऊक होती. शेजारच्या शेतांतलें एक बोंड आणून मीं कापसाची बारीक वात ओढली, त्याला डोळे मिटावयास लावले, आणि जेथें वात लागेल तेथें दुसऱ्या हाताचें बोट ठेव म्हणून सांगितलें. गालावर, मानेवर, दंडावर त्यानें अचूक बोट ठेवलें. मग मीं वात चट्ट्यावर टेकविली. तो डोळे मिटून तसाच उभा राहिला. थोड्या वेळानें म्हणाला, “लावा ना, गुरुजी!”

त्या दिवशींच त्याच्या वडिलांना घेऊन मी सरकारी दवाखान्यांत गेलों. डॉक्टरांनीं त्याच्या कोपराच्या आंतल्या बाजूस बोटें फिरविलीं आणि मलाही तेथें हात लावून पाहावयास सांगितलें. कोपर आदळला म्हणजे करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात त्या ज्या तंतूमुळें, तो त्याच्या हातांत सुतळीसारखा जाड लागत होता. औषध सहा महिन्यांचें होतें: रोज एक डॅप्सोनची गोळी, आणि महिन्यांतून एकदां सेवकासमोर रिफॅम्पिसिन, सर्व फुकट. गांवांतील एका प्रतिष्ठित गृहस्थांनीं मुलाला शाळेंतून काढावें असें सुचविलें. इतके थोडे जंतु असलेल्या रोग्यापासून इतरांस धोका जवळजवळ नसतो, हें डॉक्टरांनीं मला समजावून दिलें होतें. तें मीं त्या गृहस्थांना समजावून दिलें, आणि मुलगा त्याच बाकावर राहिला. शेजारीं बसणारा मुलगाही बदलला नाहीं. सहा महिन्यांत चट्टा विरला. करंगळी आणि तिच्या शेजारचें अर्धें बोट मात्र मुकेंच राहिलें.

तो आतां चाळिशी ओलांडलेला, घरची शेती पाहणारा, सोयाबीन व तूर पेरणारा गृहस्थ आहे. हाताचीं बोटें सर्व शाबूत आहेत, आणि त्याचें कारण त्याची एक संवय. रोज दिवेलागणीस तो हात धुतो, दिव्याखालीं उजवा हात पालथा-उताणा करून पाहतो, करंगळीची कूस न् कूस तपासतो; ओरखडा असेल तर लगेच धुऊन पट्टी बांधतो. विळ्याच्या व कुदळीच्या दांड्याला त्यानें चिंध्या गुंडाळल्या आहेत. चहाचा पेला तो डाव्या हातानें घेतो. त्याची धाकटी मुलगी अधूनमधून त्याचा हात ओढून आपणच तपासते आणि एखादें कुसळ सांपडलें कीं मोठ्या ऐटींत काढून दाखविते.

गेल्या पावसाळ्यांत तो कांहीं कामानें मानोऱ्यास आला होता, तेव्हां ओसरीवर आम्ही बराच वेळ बोलत बसलों. संध्याकाळीं डांसांनीं उच्छाद मांडला; मी पायांवर थापट्या मारीत होतों, तोही मारीत होता. एक डांस त्याच्या करंगळीवर बसला, पोटभर रक्त पिऊन लाल झाला, आणि तो आपला शांतपणें पाहत होता. मीं पंच्यानें तो डांस उडविला. तेव्हां हंसून म्हणाला, “राहू द्या, गुरुजी. या बोटाले मच्छर चावला तरी खाज येत नाही. तेवढंच एक सुख हाये.” आणि लगेच खिशांतला रुमाल काढून त्यानें तें बोट स्वच्छ पुसलें.